दिल्लीची हिवाळी सहल: ठाणे-नवी मुंबईकरांनी चार दिवस कसे आखावेत

दिल्ली बघायला निघालेले बहुतेक लोक आधी ठिकाणांची यादी करतात. लाल किल्ला, कुतुबमिनार, इंडिया गेट, अक्षरधाम, जमलं तर आग्रा. मग ती यादी तीन-चार दिवसांत कोंबायची. ऑक्टोबरात किंवा मार्चमध्ये हे एकवेळ निभतं. ऐन हिवाळ्यात निभत नाही, कारण दिल्लीचा दिवस तेव्हा आपल्यापेक्षा लहान असतो. जानेवारीच्या सुरुवातीला तिथे सूर्य सव्वासातच्या सुमाराला उगवतो आणि साडेपाचच्या थोडं पुढे मावळतो. आपल्या ठाण्यात तेव्हा सहा वाजून गेले तरी उजेड असतो. त्यात धुकं असेल तर सकाळी दहापर्यंत समोरचा घुमटही नीट दिसत नाही. म्हणजे मनासारखं फिरायचे तास उरतात अकरा ते चार.

हे पाच तास नीट वापरले तर हिवाळ्यातली दिल्ली फार सुंदर आहे. लाल दगडावर पडलेलं तिरपं ऊन, हिरवळीवर पथाऱ्या टाकून संत्री सोलत बसलेली कुटुंबं, बागांमधली फुलं हे मेमध्ये जाणाऱ्याला बघायला मिळत नाही. म्हणून आखणी उन्हापासून करायची आणि यादी मागाहून. आमच्या सोसायटीत दर हिवाळ्यात कुणी ना कुणी दिल्लीचं विचारायला येतं. त्यांना जे सांगते, ते इथे सविस्तर लिहिते आहे.

तारखा ठरवताना

हिवाळा म्हटलं तरी नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे चारही महिने सारखे नाहीत.

दिवाळीनंतरचे तीन-चार आठवडे मी सरळ टाळायला सांगते. वारा पडलेला असतो, हवा गार होऊन जमिनीलगत बसते आणि वाहनांचा धूर, धूळ, शेतातला पालापाचोळा जाळल्याचा धूर हे सगळं तिच्यातच अडकून राहतं. हवेचा निर्देशांक, म्हणजे एक्यूआय, ३०० च्या वर गेला की 'अत्यंत वाईट' आणि ४०० च्या वर गेला की 'गंभीर' समजतात. घरात कुणाला दमा असेल, लहान बाळ असेल, तर या दिवसांत दिल्लीचं नावही काढू नका. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचं 'समीर' नावाचं अ‍ॅप आहे. निघण्याच्या आठवडाभर आधीपासून त्यावर रोज नजर टाकत जा. एन-९५ मास्क मात्र कुठल्याही महिन्यात बॅगेत हवेत.

डिसेंबरचा पहिला पंधरवडा त्यातल्या त्यात बरा. थंडी सोसवते, धुकं अजून रोजचं झालेलं नसतं.

नाताळ ते जानेवारीचा तिसरा आठवडा हा खरा कसोटीचा काळ, आणि आपल्याकडची बहुतेक कुटुंबं नेमकी तेव्हाच निघतात, कारण मुलांना सुट्टी असते. या दिवसांत गंगा-यमुनेच्या मैदानात दाट धुकं का पडतं हे समजून घेतलं तर गाडी-विमानाची वेळ निवडणं सोपं जातं. आभाळ मोकळं, वारा शांत आणि जमीन ओली असली की रात्री जमीन भराभर गार होते. तिला लागून असलेल्या हवेतली वाफ गोठत नाही, पण बारीक थेंबांच्या रूपात तरंगत राहते. पश्चिमेकडून येणाऱ्या हवामानाच्या लाटेत दोन दिवस पाऊस पडून आभाळ मोकळं झालं की पुढच्या पहाटे धुकं हमखास. ऊन वर चढून जमीन तापली की ते विरतं. म्हणून पहाटेची विमानं अडकतात आणि दुपारची बहुधा सुटतात. हवामान खात्याचा धुक्याचा अंदाज रोज येतो, तो वाचायची सवय लावा.

जानेवारीचा शेवटचा आठवडा प्रजासत्ताक दिनाचा. कर्तव्यपथाचा परिसर संचलन आणि रंगीत तालमींसाठी अधूनमधून बंद असतो, लाल किल्लाही या दिवसांत काही काळ पर्यटकांना बंद ठेवतात. संचलनच बघायचं असेल तर गोष्ट वेगळी. त्याची तिकिटं जानेवारीत संरक्षण मंत्रालयाच्या 'आमंत्रण' संकेतस्थळावर निघतात आणि लवकर संपतात. २९ जानेवारीला विजय चौकात बीटिंग रिट्रीट, म्हणजे या सोहळ्याची सांगता करणारं लष्करी बँडचं वादन, होतं. संध्याकाळच्या गारठ्यात बसायची तयारी असेल तर ते संचलनापेक्षाही मला अधिक भावतं.

आणि मग फेब्रुवारी. माझी पसंती फेब्रुवारीलाच. धुकं ओसरलेलं, दुपारी स्वेटर काढून खांद्यावर टाकता येतो, आणि राष्ट्रपती भवनाचं अमृत उद्यान साधारण फेब्रुवारी-मार्चमध्ये सर्वांना खुलं असतं. प्रवेशाला पैसे नाहीत, मात्र ऑनलाइन नोंदणी आधी करावी. १९ फेब्रुवारीला शिवजयंतीची सुट्टी असते. ती शनिवार-रविवारला जोडून येणार का, हे आत्ताच कॅलेंडरात बघून ठेवा.

सोमवार कुठे पडतो ते बघा

लाल किल्ला, अक्षरधाम, लोटस टेंपल, राष्ट्रीय संग्रहालय, तीन मूर्तीचं प्रधानमंत्री संग्रहालय, रेल्वे संग्रहालय, अमृत उद्यान: हे सगळं सोमवारी बंद. सरोजिनी नगर आणि लाजपत नगरचे बाजारही सोमवारीच बंद. कुतुबमिनार, हुमायूनचा मकबरा, लोदी गार्डन आणि बंगला साहिब गुरुद्वारा मात्र सोमवारीही उघडे असतात. चांदणी चौकातली दुकानं रविवारी बंद असतात, जामा मशिदीत शुक्रवारी दुपारच्या नमाजाच्या वेळी पर्यटकांना सोडत नाहीत, आणि आग्र्याचा ताजमहाल शुक्रवारी बंद. एवढ्या चार-पाच ओळी कागदावर लिहून फ्रिजवर लावा. निम्मी आखणी त्यातच होते.

ठाण्याहून, कल्याणहून, पनवेलहून

दिल्लीला रेल्वेने जायचं तर ठाणेकरांना सगळ्यात सोयीचं स्टेशन कल्याण. सीएसएमटीहून हजरत निजामुद्दीनला जाणारी राजधानी दुपारी चारच्या सुमाराला सुटते आणि कल्याणला थांबते. नाशिक रोड, जळगाव, भोपाळ करत ती दुसऱ्या दिवशी सकाळी पोचते. तिकीट काढताना चढण्याचं स्टेशन कल्याण टाका. पश्चिम रेल्वेची नवी दिल्ली राजधानी वेगवान आहे खरी, पण ती गाठायला बोरिवलीला जावं लागतं. घोडबंदर रोडवर दुपारनंतर जी कोंडी होते, ती ठाण्याच्या माणसाला सांगायला नको. त्या गाडीनेच जायचं तर दोन-अडीच तास हाताशी ठेवून निघा. नवी मुंबईकरांसाठी पनवेलला मंगला एक्सप्रेस थांबते. ती रोजची आहे, पण वेळ बराच घेते. तिरुवनंतपुरमहून येणारी राजधानीही पनवेलला थांबते, मात्र ती रोज नसते.

आरक्षण आता प्रवासाच्या ६० दिवस आधी उघडतं, सकाळी ८ वाजता. नाताळच्या आठवड्याची खालची बर्थ हवी असेल तर ६० वा दिवस मोजून त्या सकाळी फोन हातात घेऊन बसा. तत्काळवर विसंबायचं असेल तर आयआरसीटीसीचं खातं आधारशी जोडलेलं हवं, ते आधीच करून ठेवा. धुक्यामुळे गाडी तुमच्या चढण्याच्या स्टेशनवर तीन तासांपेक्षा जास्त उशिरा येणार असेल आणि तुम्ही प्रवास रद्द केलात, तर पूर्ण पैसे परत मिळतात. त्यासाठी गाडी सुटण्याआधी टीडीआर, म्हणजे पैसे परत मागायचा अर्ज, भरावा लागतो. परतीच्या वेळी हा नियम विशेष उपयोगी पडतो.

विमानाने जाणार असाल तर दोन गोष्टी बघा. पहिली, विमानतळ. २५ डिसेंबर २०२५ पासून उलव्याचं नवी मुंबई विमानतळ सुरू झालं आहे. खारघर, नेरूळ, पनवेलच्या माणसाला आता सांताक्रूझ-अंधेरी गाठायची गरज नाही. पण तिकीट शोधताना 'मुंबई' टाकलं की दोन्ही विमानतळांची विमानं एकत्र दिसतात. बीओएम म्हणजे जुनं आणि एनएमआय म्हणजे नवी मुंबई. जाताना एक आणि येताना दुसरं असं झालं तर रात्री उशिरा उलव्याहून घोडबंदरला यायची वेळ येईल. दुसरी, वेळ. दिल्लीत दुपारी बारा ते तीनच्या दरम्यान उतरणारं विमान घ्या. पहाटेचं स्वस्त असतं, पण धुक्यात तेच आधी लटकतं. रात्रीचं विमान धुक्याच्या वेळेत नसलं तरी तेच विमान सकाळपासून उशिरा धावत असतं, म्हणून तेही रखडतं.

दिल्लीत तिसऱ्या टर्मिनलला उतरलात तर एअरपोर्ट एक्सप्रेस मेट्रो वीसेक मिनिटांत नवी दिल्ली स्टेशनला आणून सोडते. पहिल्या टर्मिनलला उतरलात तर तिथे मजेंटा लाइनचं स्टेशन आहे. टर्मिनल कोणतं, ते तिकिटावर निघण्याच्या दिवशी पुन्हा बघा.

राहायला कुठे, आणि खोली घेताना काय विचारायचं

आपण लोकलची माणसं. स्टेशनपासून दहा मिनिटांत घर ही आपली सोयीची व्याख्या, आणि दिल्लीतही तीच लावा. मेट्रो स्टेशनपासून चालत जाता येईल असं हॉटेल घ्या, मग ते करोल बागेत असो, लाजपत नगरला असो की ग्रीन पार्कला. नवी दिल्ली स्टेशनसमोरचं पहाडगंज स्वस्त आणि सोयीचं आहे, पण गल्ल्या अरुंद आणि गोंगाट फार. आई-बाबा बरोबर असतील तर मी तिथे राहायला सांगणार नाही.

हॉटेलला फोन करून तीन गोष्टी विचारा. खोलीत हीटर आहे का, आणि त्याचे वेगळे पैसे लागतात का? गरम पाणी दिवसभर येतं की सकाळीच? खोलीला खिडकी आहे का आणि ती नीट बंद होते का? दिल्लीतली घरं आणि लहान हॉटेलं उन्हाळा डोळ्यांसमोर ठेवून बांधलेली असतात. फरशी थंडगार, भिंती थंडगार, आणि भिंतीवरचा एसी बहुतेक वेळा फक्त गार हवाच देतो. बाहेर दुपारी अठरा-वीस अंश असतं, पण खोलीत रात्री पांघरुणाबाहेर हात काढवत नाही. जादा रजई पोचल्या पोचल्या मागून घ्या. आणि कुठल्याही कारणाने बंद खोलीत कोळशाची शेगडी पेटवू देऊ नका. तिच्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड वासावरून कळत नाही आणि झोपेतच माणूस दगावतो. उत्तरेत दर हिवाळ्यात अशा बातम्या येतात.

बॅगेत काय

एक जाड जॅकेट घेऊन गेलं की झालं, असं आपल्याला वाटतं. पण दिल्लीत सकाळी सहा-सात अंश, दुपारी वीस, मेट्रोच्या गर्दीत घाम आणि संध्याकाळी पुन्हा हुडहुडी. म्हणून थर हवेत. आतून इनर, त्यावर सुती शर्ट किंवा कुर्ता, मग स्वेटर, वरून वारा अडवणारं जॅकेट. इनर आणि लोकरीचे मोजे ठाण्यातच घ्या, गोखले रोडला किंवा जांभळी नाक्याला मिळून जातात. जॅकेट, शाली, मफलर यांचा खर्च इथे करू नका. ते दिल्लीत जनपथला किंवा सरोजिनी नगरला जास्त छान आणि स्वस्त मिळतात. पहिल्या दिवसापुरतं शेजाऱ्यांकडून मागून घ्यावं.

कानटोपी प्रत्येकाला. बूट बंद आणि सहज काढता-घालता येतील असे, कारण गुरुद्वारा, मशीद, अक्षरधाम सगळीकडे ते काढावे लागतात. जादा मोजे भरपूर घ्या. हवा कोरडी असते, पहिल्याच दिवशी ओठ फुटतात, म्हणून व्हॅसलीन आणि खोबरेल तेलाची लहान बाटली हवी. तहान लागत नाही म्हणून पाणी पिणं राहून जातं, विशेषतः वयस्कर माणसांचं. रक्तदाबाच्या गोळ्या घेणाऱ्यांनी निघण्याआधी डॉक्टरांशी बोलून घ्यावं, कारण थंडीत रक्तदाब वाढतो.

शुक्रवार दुपार: हुमायूनचा मकबरा

गुरुवारी दुपारी कल्याणहून निघालात तर शुक्रवारी सकाळी निजामुद्दीनला उतराल. धुक्याच्या दिवसांत गाडी दोन-चार तास उशिरा पोचेल असं धरून चाला. आंघोळ, जेवण, थोडी विश्रांती, आणि दोन वाजता बाहेर. पहिल्या दिवशी एकच ठिकाण.

मी हुमायूनचा मकबरा निवडते, आणि तोही दुपारीच. प्रवेश पश्चिमेकडून आहे, त्यामुळे उतरतं ऊन थेट दर्शनी बाजूवर पडतं आणि लाल दगडातल्या पांढऱ्या संगमरवराच्या रेघा उजळून निघतात. हुमायूनची बेगम हिने तो १६व्या शतकाच्या उत्तरार्धात बांधवून घेतला. ताजमहालाच्या कितीतरी आधी. चार भागांत विभागलेली बाग, मधून वाहणारे पाण्याचे पाट, उंच जोत्यावरचा मकबरा आणि दुहेरी घुमट, ही सगळी मांडणी पुढे ताजमध्ये दिसते ती इथूनच. १८५७ मध्ये बहादूरशहा जफर शेवटी इथेच इंग्रजांच्या हाती लागला. आत शिरल्यावर उजव्या हाताला ईसा खानाचा अष्टकोनी मकबरा आहे, तो हुमायूनच्याही आधीचा, १५४७ चा. लोक घाईत तो ओलांडून पुढे जातात. तुम्ही जाऊ नका.

शेजारीच सुंदर नर्सरी नावाची मोठी बाग आहे. तिकीट वेगळं. फेब्रुवारीत तिथली फुलं बघण्यासारखी असतात, आणि आई-बाबांना चालणं झेपत नसेल तर त्यांना सरळ तिथल्या हिरवळीवर उन्हाला बसवून तुम्ही मकबरा बघून या. माझ्या सासूबाईंना अख्ख्या दिल्लीतलं सगळ्यात काय आवडलं असं विचारलं, तर त्या अजूनही तिथलं ते ऊनच सांगतात.

पुरातत्त्व खात्याच्या स्मारकांची तिकिटं दाराशी क्यूआर कोड स्कॅन करून काढता येतात. रांग वाचते आणि थोडी सूटही मिळते. १५ वर्षांखालच्या मुलांना तिकीट नाही, पण वयाचा पुरावा जवळ असू द्या.

शनिवार: जुनी दिल्ली

हा दिवस सगळ्यात भरगच्च, म्हणून तो शनिवारी. रविवारी दुकानं बंद आणि सोमवारी किल्ला बंद.

सकाळी धुकं असलं तरी इथे अडत नाही, कारण सुरुवात खाण्यापासून करायची आहे. मेट्रोच्या यलो लाइनने चांदणी चौक स्टेशनला साडेनऊ-दहाला उतरा. किनारी बाजाराच्या आणि दरिबा कलांच्या गल्ल्यांत हिवाळ्यात 'दौलत की चाट' विकणारे उभे असतात. नावात चाट असली तरी हा गोड पदार्थ आहे. मोठ्या परातीत पांढऱ्याशुभ्र फेसाचा डोंगर, त्यावर केशराचा पिवळा हात, आणि धूळ बसू नये म्हणून वर मलमलचं फडकं. दूध-साय रात्रभर थंडीत ठेवून पहाटे घुसळतात आणि वरचा फेस काढून घेतात. विक्रेता पसरट चमच्याने फेस अलगद द्रोणात घेतो, वर खवा आणि पिठीसाखर भुरभुरतो. जिभेवर ठेवल्या ठेवल्या तो विरतो, मागे उरते फक्त दुधाची आणि केशराची चव. ऊन तापलं की फेस बसतो. म्हणून सकाळीच खा, आणि एकाच द्रोणावर थांबू नका. हा पदार्थ आपल्याकडच्या हवेत होणारच नाही.

पुढे बेडमी पुरी-बटाट्याची भाजी, नागोरी हलवा, दरिब्याच्या तोंडाशी मिळणाऱ्या जाडजूड जिलब्या. गाजराचा हलवा इथे लांब, लालभडक देशी गाजरांचा असतो, त्याची सर आपल्या केशरी गाजराच्या हलव्याला येत नाही. मांसाहार करणाऱ्यांनी जामा मशिदीच्या गल्लीत सकाळची निहारी, म्हणजे रात्रभर शिजवलेला मटणाचा रस्सा, चुकवू नये. पोटाला जपून खायचं असेल तर गरम, समोर तळलेलं, उकळलेलं तेवढंच घ्या आणि पाणी स्वतःचं.

चांदणी चौकाचा मुख्य रस्ता दिवसा मोटारींना बंद आहे, त्यामुळे लाल किल्ल्यापासून फतेहपुरीपर्यंत निवांत चालता येतं. वाटेत सीसगंज गुरुद्वारा लागतो. गुरू तेगबहादूर यांचं १६७५ मध्ये बलिदान झालं ती ही जागा. डोकं झाकून पाच मिनिटं आत बसा.

अकरा-साडेअकराला, ऊन पडल्यावर लाल किल्ल्यात शिरा. शाहजहानने १६३९ मध्ये काम सुरू केलं आणि १६४८ मध्ये पूर्ण केलं. लाहोरी दरवाजा, छत्ता चौकातली दुकानं, नौबतखाना, दिवाण-ए-आम असं सरळ चालत दिवाण-ए-खासला पोचाल. तिथे थांबून वर छताकडे बघा. मयूर सिंहासन इथलंच, ते १७३९ मध्ये नादिरशहाने नेलं. छताला पूर्वी चांदी होती. १७६० च्या ऑगस्टमध्ये सदाशिवरावभाऊंनी दिल्ली घेतली तेव्हा फौजेला द्यायला पैसा नव्हता, म्हणून उरलीसुरली चांदी काढून तिची नाणी पाडली गेली. पुढे जानेवारीत पानिपत झालं. पानिपताचा इतिहास शाळेत सगळ्यांनीच वाचलेला असतो, पण त्या कमानींखाली उभं राहिल्यावर त्या फौजेची ओढाताण जशी समजते तशी पुस्तकातून समजत नाही. मुलांना ही गोष्ट तिथेच सांगा. किल्ल्यातल्या जुन्या इंग्रजी बराकींमध्ये आझाद हिंद सेनेचं संग्रहालय आहे. मोठी मुलं असतील तर तासभर त्याला द्या.

तीनच्या सुमाराला जामा मशीद, नमाजाच्या वेळा टाळून. मग हॉटेलवर परत. संध्याकाळी पुन्हा बाहेर पडायचा मोह होईल. पाय दुखत नसतील तरच पडा.

रविवार: नवी दिल्ली

सकाळ तीन मूर्तीच्या प्रधानमंत्री संग्रहालयात घालवा. धुकं असलं तरी बंदिस्त जागेत काही बिघडत नाही. १४ एप्रिल २०२२ ला उद्घाटन झालेलं हे संग्रहालय नीट बघायला तीन तास लागतात. मुलं लहान असतील तर त्याऐवजी चाणक्यपुरीतलं रेल्वे संग्रहालय निवडा. १६ एप्रिल १८५३ ला देशातली पहिली प्रवासी गाडी बोरीबंदरहून ज्या ठाण्याला आली, तिथली मुलं त्या जुन्या इंजिनांसमोर निराळ्याच हक्काने उभी राहतात. छोटी गाडीही आहे बसायला.

दुपारच्या जेवणाला कस्तुरबा गांधी मार्गावरचं नवं महाराष्ट्र सदन किंवा कोपर्निकस मार्गावरचं जुनं सदन जवळ पडतं. बाहेरच्यांना त्या दिवशी जेवण मिळेल का, हे गेटवर आधी विचारा. अशोका रोडच्या आंध्र भवनातली थाळी हा दुसरा भरवशाचा पर्याय. रविवारी तिथे रांग असते, पण ती भराभर सरकते.

तीन वाजता इंडिया गेट. ४२ मीटर उंचीची ही कमान पहिल्या महायुद्धात आणि तिसऱ्या अफगाण युद्धात पडलेल्या सैनिकांची. तिच्या मागेच २०१९ मध्ये उभं राहिलेलं राष्ट्रीय युद्ध स्मारक आहे, प्रवेश विनामूल्य. स्वातंत्र्यानंतर कामी आलेल्या २५ हजारांहून अधिक जवानांची नावं तिथल्या गोलाकार भिंतींवर एकेका विटेवर कोरलेली आहेत. भिंतींमधून चालताना महार, मराठा लाइट इन्फंट्री अशी नावं वाचत जा. आपल्या गावाकडची आडनावं सापडतात. परमवीर चक्र मिळवलेल्या २१ वीरांचे अर्धपुतळेही याच आवारात आहेत. संध्याकाळी तिथे एखाद्या शहीद जवानाचे कुटुंबीय येऊन पुष्पचक्र वाहतात. दिल्लीतलं काहीही चुकवा, हे चुकवू नका.

रात्री बंगला साहिब. राजीव चौक किंवा पटेल चौक स्टेशनहून चालत जाता येतं. इथे बूट-मोजे दोन्ही काढावे लागतात आणि संगमरवर बर्फासारखा लागतो. चटया अंथरलेल्या पट्ट्यावरूनच चाला. सरोवराभोवती कीर्तन ऐकत एक फेरी, मग लंगरमध्ये पंगतीत बसून गरम डाळ-रोटी.

अक्षरधाम या आखणीत मी धरलेलं नाही. बघायचंच असेल तर रविवारची दुपार त्याला द्या आणि इंडिया गेट दुसऱ्या दिवशी सकाळी उन्हात उरका. अक्षरधाममध्ये मोबाइल, कॅमेरा काहीच नेता येत नाही, म्हणून बाहेर पडल्यावर कुठल्या खांबाशी भेटायचं ते आत शिरण्याआधीच ठरवा. संध्याकाळच्या पाण्याच्या कार्यक्रमाला उघड्यावर बसावं लागतं. शाल हवीच.

मेट्रो, रिक्षा आणि ओळख काढणारे

मेट्रोचं भाडं ११ ते ६४ रुपये. स्मार्ट कार्डावर सूट मिळते, क्यूआर तिकीट मोबाइलवरही निघतं. प्रत्येक स्टेशनला बॅगा तपासतात, घाईच्या वेळी त्यातच दहा मिनिटं जातात. गाडीच्या दिशेने पहिला डबा बायकांचा.

रिक्षाचं मीटर फारसं पडत नाही. अ‍ॅपवरून बोलवा, नाहीतर बसण्याआधी भाडं ठरवा. नवी दिल्ली स्टेशनाबाहेर कुणी येऊन 'तुमचं हॉटेल बंद झालंय', 'तो रस्ता बंद आहे', 'सरकारी टुरिस्ट ऑफिसात चला' असं सांगू लागला तर थांबू नका, उत्तरही देऊ नका. हॉटेलला स्वतः फोन लावा.

आग्रा की पानिपत?

चार दिवसांत आग्रा घालू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. धुक्यात यमुना एक्सप्रेसवेवर पहाटे गाडी काढणं धोक्याचं आहे. तिथे हिवाळ्यात वेगमर्यादासुद्धा कमी करतात. जायचंच असेल तर एक दिवस वाढवा, रेल्वेने जा आणि तिथे मुक्काम करा. तीच गोष्ट पानिपतची. दिल्लीहून साधारण ९० किलोमीटरवर हे गाव, आणि गावाबाहेर काला आंबचं स्मारक. १४ जानेवारीला महाराष्ट्रातून कितीतरी लोक तिथे जमतात. त्या दिवशीच जायचं मनात असेल तर आदल्या दुपारी पोचून तिथेच राहा. एरवी फेब्रुवारीतला एखादा उन्हाचा दिवस बघून सकाळी नऊनंतर निघा आणि अंधारायच्या आत परत या.

सोमवार: कुतुबमिनार आणि परतीचा प्रवास

सोमवारी कुतुब परिसर. मिनाराची उंची सुमारे ७३ मीटर, काम कुतुबुद्दीन ऐबकाने सुरू केलं आणि अल्तमशने पुढे नेलं. आतून वर चढायला १९८१ च्या चेंगराचेंगरीनंतर बंदी आहे. मिनाराइतकाच वेळ आवारातल्या लोहस्तंभाला द्या. गुप्तकाळातला हा खांब सोळाशे वर्षं उघड्यावर उभा आहे आणि गंजून पडलेला नाही. त्याच्या लोखंडात फॉस्फरस जास्त आहे, त्यामुळे पृष्ठभागावर एक संरक्षक पातळ थर तयार झाला.

परतीचं विमान दुपारी तीन-चारच्या सुमाराचं घ्या. म्हणजे कुतुब अकरा ते साडेबारा आणि तिथून टर्मिनल. धुक्यामुळे विमान रद्द झालं तर पैसे परत किंवा दुसरं विमान यांपैकी एक मागायचा हक्क तुम्हाला आहे. नुकसानभरपाई मात्र हवामानाच्या कारणासाठी मिळत नाही. डिसेंबर-जानेवारीत जात असाल तर मंगळवारची रजा टाकूनच ठेवा आणि हॉटेलला विचारून ठेवा की एक रात्र वाढवावी लागली तर खोली मिळेल का.

गजक आणि रेवडी ही तिळाची मिठाई शनिवारीच चांदणी चौकातून घेऊन ठेवा. गजक ठिसूळ असतो, त्याचा पुडा कपड्यांच्या मध्ये ठेवा. आणि विमानतळावर निघण्याआधी इनर काढून बॅगेत टाका, कारण दोन तासांनी तुम्ही ठाण्याच्या दमट हवेत उतरणार आहात.